मुकुंदमामांच्या नावावरची चूक

पांढुर्णा
रविवार, ४ जानेवारी २०२६

ती. सरलामामींच्या चरणी गौरवचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही माझा फोन घेत नाही. आई म्हणाली की फोनवर मी तुम्हाला बोलूच देत नाही, असं तुमचं म्हणणं आहे. पत्रात मधेच बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नका. दहावीनंतर पहिल्यांदाच एवढं हातानं लिहितो आहे आणि आत्ताच बोटं दुखायला लागली आहेत.

येत्या आठ फेब्रुवारीला मामांना जाऊन वर्ष होईल. त्यांच्या हाताखाली तयार झालेले आम्ही चाळीसेक जण नागपूर, पुणे, हैदराबादहून येतो आहोत. पांढुर्ण्यातच हॉल घेतला आहे. स्मरणसभा आणि छोटीशी स्मरणिका, असं ठरलं आहे. मुखपृष्ठावर ‘उदार मार्गदर्शक, निगर्वी सहकारी’ हे शब्द टाकायचे आहेत. सर्वांना आवडले. मीही एक लेख लिहिला आहे. तुमच्या घरी राहायला होतो त्या दोन वर्षांत सौंसरहून नागपूरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये मामा मला कसे शिकवायचे, त्याबद्दल. सीट मिळाली नाही तर दांडीला धरून, उभ्याउभ्या. सावनेर येईपर्यंत माझ्या प्रोग्राममधली चूक माझ्याच तोंडून वदवून घ्यायचे. स्वतः कधी सांगायचे नाहीत.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. मामांचा एक चांगला फोटो, तो मफलरवाला सोडून. आणि दोन पानांची आठवण. तुम्ही मराठीच्या बाई, तुम्हाला काय अवघड? सभेला तुम्ही पहिल्या रांगेत बसाल. घ्यायला मी गाडी घेऊन येईन.

आईचे गुडघे थंडीमुळे पुन्हा धरले आहेत. बाकी क्षेम. तुमच्या दारातल्या झाडांना मृग बहराची संत्री लागली असतील, तर दोन माझ्यासाठी ठेवा.

पूर्वीसारखी माया करा, एवढंच मागणं.
तुमचा
गौरव

•

सौंसर
शुक्रवार, ९ जानेवारी

चि. गौरव,

इथे अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे. माझा हात पुढे सरकत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. ते पुरेल.

फोटो मिळणार नाही. गाडी पाठवू नकोस. संत्री माकडांनी खाल्ली. दोन पानांची आठवण मात्र पाठवते आहे. जशीच्या तशी छाप, मात्रासुद्धा बदलू नकोस.

माझे यजमान मुकुंद नागपूरच्या एका कंपनीत दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करायचे. त्यांनी तिथे एक शाळकरी वही ठेवली होती. चालू कामात काही बदलायचं असेल, तर ज्यानं बदलायचं त्यानं ते आधी आपल्या हातानं वहीत लिहायचं. तेही साध्या मराठीत, आपल्या आईला कळेल असं. दुसऱ्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मगच मशीनला हात लावायचा. पोरं हसायची, पण लिहायची.

दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. गावात फटाके वाजले. त्याच कंपनीत काम करणारा त्यांचा भाचा गौरव सुट्टीला घरी आला होता. आपल्या गावाचं नाव जिल्हा म्हणून आपल्याच पडद्यावर पाहावं, अशी त्याला हौस आली. त्यानं वही उघडली नाही की कुणाला विचारलं नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या सगळ्या रुग्णांच्या कागदांवरचं छिंदवाडा पुसून त्यानं पांढुर्णा केलं, अगदी दहा-दहा वर्षं जुन्या कागदांवरचंसुद्धा. ते मशीन माणूस ओळखायचं नाव, बापाचं नाव आणि जिल्हा पाहून. रुग्णांच्या हातातल्या कार्डावर छिंदवाडाच, त्यामुळे जिल्हा जुळेना, तेव्हा आपल्याकडचा प्रत्येक जुना रुग्ण मशीनला नवा दिसू लागला. चार दिवस हे चाललं.

त्या चार दिवसांत आमचे शेजारी भगवंतराव काचबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले होते. तुमची इथे काहीच नोंद नाही, सगळ्या तपासण्या पहिल्यापासून करा, असं सांगून त्यांना दोनदा परत पाठवलं. ऑपरेशन झालं तोवर डावा डोळा गेला होता. उशिरामुळे गेला की नाही, ते डॉक्टरांना सांगता येईना. त्यांच्या बायकोला, कलाबाईंना, मात्र सांगता आलं. मुकुंदच्या कॉम्प्युटरनं माझ्या मालकाचा डोळा खाल्ला, असं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. कारण ती चूक मुकुंदनं स्वतःची म्हणून लिहून दिली होती आणि नोकरी सोडली होती.

सव्वा वर्षानं ते गेले. त्या दिवशी शेजारच्या घरातून कुणी आलं नाही.

इथे माझी आठवण संपली. पुस्तकावर उदार हा शब्द छापण्याआधी त्या चुकीवरचं त्यांचं नाव खोड आणि तिथे तुझं लिही. मग मी पहिल्या रांगेत काय, जमिनीवरसुद्धा बसेन.

तुझ्या आईच्या गुडघ्यांना एरंडेल तेल लावत जा.

तुझी मामी, जिच्या हातचं तू दोन वर्षं जेवलास,
सरला

•

नागपूर
गुरुवार, १५ जानेवारी

ती. मामींना नमस्कार. वि. वि.

तुमची आठवण छापता येणार नाही. तुम्हाला ते माहीत होतं, तरी पाठवलीत. छान.

आता माझंही ऐका. मधे बोलायची सोय नाही, हे बरंच आहे.

त्या सोमवारी चूक माझ्या लक्षात आली, तेव्हा मी सरळ तुमच्या घरी आलो होतो. तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून लहान पोरासारखा रडलो होतो. तुम्ही पाणी दिलंत. मी म्हणालो होतो की उद्या सकाळी साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगतो. म्हणालो होतो की नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी काय केलं? आईला पांढुर्ण्याहून बोलावून घेतलं, आम्हा दोघांना गाडीत बसवलं आणि जामसांवलीला धाडलं. फोन घरी ठेव, मारुतीचं दर्शन घे, डोकं शांत होऊ दे, मग बोलू, असं म्हणाले. मी प्रसाद घेऊन परत आलो तोवर त्यांनी लिहून दिलं होतं. माझी चूक होती, मामी. ती माझ्या हातातून काढून नेली.

लोक म्हणतात, असा मामा मिळायला नशीब लागतं. कुणी मागितला होता तो उदारपणा? आज मी त्यांच्या जागेवर बसतो. टेबल तेच आहे. नवीन पोरं वही पुढे करतात आणि विचारतात की सर, मुकुंदसरांची ही पद्धत कशी सुरू झाली? मी सांगतो. मामांनी मला वाचवलं म्हणता? मला भित्रा करून गेले. मला त्यांचा राग येतो. वर्षश्राद्धाच्या तोंडावर हे लिहितो आहे, पण येतो.

आणि तुम्ही? तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्यात आणि कलाबाईंच्यात एक कुंपण आहे. त्या मामांना शिव्या देत होत्या, तेव्हा तुम्ही कुंपणावरून एक वाक्य का नाही बोललात? माझं नाव घ्यायला तुम्हाला कुणी अडवलं होतं? सव्वादोन वर्षं गप्प बसलात आणि आता मला शुद्धलेखन शिकवता.

सभा होणार. तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी होईल.

रागावला असाल, तर तेवढाच राग मलाही आहे, हे ध्यानात असू द्या.
गौरव

•

सौंसर
मंगळवार, २० जानेवारी

चि. गौरव,

पत्र मिळालं. पहिल्यांदाच काहीतरी खरं लिहिलंस. शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत, त्या सोडून देते.

मामांनी जामसांवलीला पाठवलं, कबूल. ते एका सकाळचं झालं. बाकीच्या दिवशी कुणी गाडीत बसवलं होतं तुला? नागपूर-सौंसर बस बंद पडली होती का? दिवाळीला आलास, राखीला आलास, माझ्या हातच्या करंज्या बांधून नेल्यास. येताना आणि जाताना त्याच कुंपणाजवळून गेलास. हातातून काढून नेली म्हणतोस. परत मागितलीस का कधी?

तुझ्या मामांचं काय चाललं होतं ते तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. दर सोमवारी ते कलाबाईंच्या दारात जायचे. भगवंतरावांना तपासायला नागपूरला घेऊन जाऊ का, एवढंच विचारायला. कलाबाई दाराबाहेर येऊन त्यांना शिव्या द्यायच्या, गल्ली जमेपर्यंत. तोंड काळं कर म्हणायच्या, तुझेही डोळे जातील म्हणायच्या. ते ऐकून घ्यायचे आणि परत यायचे. चपला काढताना मला सांगायचे की आज आवाज जरा कमी होता. आणि हसायचे. मला ते हसू सहन व्हायचं नाही. मी भांडी आपटायचे. तुमचे सर फार उदार होते, गौरव. त्या उदारपणाचा धूर या स्वयंपाकघरात कोंडायचा.

मी का बोलले नाही, असं विचारतोस. त्यांनी शपथ घातली असती तर मी मोडली असती. त्यांनी विनंती केली. पोराला अठ्ठाविसावं लागलंय, त्याच्या नावावर हे लागलं तर कुणी उभं करणार नाही, मला आता काय करायचंय, असं म्हणाले. आणि तू माझ्या ओट्याला टेकून रडला होतास. मला मूल नाही. मी तुझी बाजू घेतली. माझ्या नवऱ्याच्या विरुद्ध घेतली, असं आता वाटतं आणि स्वतःची चीड येते. एवढं पुरे.

तुझ्या सभेत काय बोलायचं ते तू बोल. मला हॉलमधलं काही नको. ज्या दारात त्यांनी शिव्या खाल्ल्या, त्या दारात जाऊन सांग. तिथे माइक नाही.

लोभ आहे की नाही ते तूच ठरव.
सरला

•

पांढुर्णा
सोमवार, ९ फेब्रुवारी

ती. मामींना शि. सा. नमस्कार.

काल तुम्ही आलात. शेवटच्या रांगेत, खांबाआड. मी स्टेजवरून पाहिलं. चहालाही थांबला नाहीत. आईनं बाहेर येऊन शोधलं, तर तुम्ही ऑटोत बसलेल्या.

तिगावची ऋतुजा बोलली ते तुम्ही ऐकलं असेल. ती शिकाऊ होती तेव्हा मामा तिच्या खुर्चीमागे दोन्ही हात पाठीशी बांधून उभे राहायचे. कितीही अडली तरी कीबोर्डला हात लावायचे नाहीत. एकदा तिची तिगावची गाडी निघायची वेळ झाली आणि काम अडकलेलं, तर तिच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत गेले आणि वाटेत तिच्याकडूनच उत्तर काढलं. शेवटी ते काम तिच्याच नावावर लावलं. ती म्हणाली की आपल्याला काही येतं, असं तिला पहिल्यांदा त्या फलाटावर वाटलं. सगळ्यांचे डोळे भरले.

मग माझी पाळी आली. बसवरचा लेख मी खिशातच ठेवला. मी सगळं सांगितलं. फटाके, वही न उघडणं, जुने कागद, भगवंतराव, जामसांवली, सगळं. माझं नाव घेऊन सांगितलं. मला वाटलं, आता कुणीतरी उठून थोबाडीत देणार. आणि मग लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. खूप वेळ वाजवत होते. कंपनीतून आलेले साहेब खाली उतरताना माझा हात धरून म्हणाले की याला हिंमत लागते, तुझ्या नोकरीची काळजी करू नकोस. पुण्याची पोरं गळ्यात पडली.

तुम्ही मागितलं ते मी केलं, मामी. सव्वादोन वर्षांनी काल मला झोप लागली. एक शब्द तरी लिहा.

तुमच्या मायेचा भुकेला,
गौरव

•

सौंसर
बुधवार, ११ फेब्रुवारी

गौरव,

टाळ्या ऐकल्या. त्या ऐकूनच उठले.

चूक तुझी, राजीनामा त्यांचा, डोळा भगवंतरावांचा आणि टाळ्या पुन्हा तुलाच. त्या चाळीस जणांपैकी कुणाचं काय गेलं होतं, म्हणून त्यांनी तुला माफ करून टाकलं? ज्यांचं गेलं ते त्या हॉलमध्ये नव्हते. तू त्यांना बोलावलंही नव्हतंस. मी मागितलं ते तू केलं नाहीस. मी दार म्हटलं होतं, तू व्यासपीठ निवडलंस. तुझे वडील शाळेत मास्तर ना, पाठ केलेलं छान म्हणतोस.

तुला झोप लागली, हे वाचून अंगाची लाही झाली. माझ्या शेजारी एक माणूस अजून एका बाजूनं ठेचकाळतो. परवा त्यांच्या ताटातली वाटी हाताला लागून सांडली आणि कलाबाई पुन्हा मुकुंदच्या नावानं ओरडल्या. माणूस मरून वर्ष झालं तरी शिव्या त्यालाच. तुझ्या टाळ्या पांढुर्ण्यातच राहिल्या. इथवर आल्या नाहीत.

माझ्याकडे येऊ नकोस. माझ्या फाटकाच्या अलीकडे एक फाटक आहे.

सरला

•

सौंसर
मंगळवार, २४ फेब्रुवारी

चि. गौरव यास आशीर्वाद.

रविवारी तू आलास ते मी पाहिलं. वाळत घातलेल्या चादरीमागे उभी होते. चोरून पाहिलं म्हण हवं तर. तू किती वेळ बोललास ते मोजलं नाही. कलाबाई दारातून हलल्या नाहीत आणि भगवंतराव बाजेवर उठून बसले, एवढं दिसलं. तू परत निघालास तेव्हा माझ्या फाटकाकडे पाहिलंस, आणि मी चादरीमागून बाहेर आले नाही. आले असते तर काय बोलले असते, कुणास ठाऊक.

तू गेल्यावर दुपारी कलाबाई आल्या. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा. मागच्या दारानं, पूर्वी यायच्या तशा. बस म्हटलं तर बसल्या नाहीत. पुढचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

त्यांनी सांगितलं की तुला शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण निघेचनात. आणि तू शिव्यांचीच वाट पाहत उभा होतास, हे त्यांना कळत होतं. भगवंतरावांनी तुला विचारलं म्हणे की मंग मुकुंदराव आमच्या दारात कायले येऊन राहिले होते? तू गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवले नाहीत.

मग कलाबाई मला म्हणाल्या, का ज्या दिवशी मुकुंदराव गेले त्या दिवशी मी घरात कापूस निवडत बसली होती आन् मनात म्हटलं, बरं झालं. तुमचं रडनं मले आयकू येऊन राहिलं होतं तरी म्हटलं. आता ते मी वापस कसं घेऊ, बाई? कोनाले सांगू?

मी तीस वर्षं वर्गात उत्तरं दिली. इथे नुसतं चहा टाकते म्हणाले.

त्या म्हणाल्या की चहा नको. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न चढवता बोलल्या, का तो पोरगा भेला, समजू शकते. पन तुम्ही तर कुंपनाच्या पल्याड सारं आयकून राहिल्या होत्या ना. तुमच्याच मानसाले मी बोलून राहिली होती. एक डाव म्हटलं असतं का कलाबाई, थांब, तर मी थांबली असती. तुम्ही मले त्या पापात का ढकललं?

आणि गेल्या.

तू जानेवारीत हेच विचारलं होतंस. तेव्हा मी तुला उत्तर लिहिलं होतं, चांगलं घोटून, एका परिच्छेदात. कलाबाईंपुढे त्यातलं एकही वाक्य चाललं नसतं. मुकुंदनं विनंती केली होती, असं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ज्या बाईनं इतके दिवस चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या, तिला पुन्हा त्याचंच नाव सांगायचं, हे माझ्यानं झालं नाही. मला त्यांचा फार राग आहे, गौरव. तुझ्याइतकाच आहे. आणि ते इथे असते तर मी तो त्यांच्यावर काढला असता आणि ते हसले असते, याचाही आहे.

आता जायची पाळी माझी आहे. काल सकाळी निघाले, फाटकाशी जाऊन परत आले. आज संध्याकाळी पुन्हा गेले. कलाबाई अंगणातच होत्या, त्यांनी मान वर केली, आणि मी कढीपत्ता तोडायला आल्यासारखं करून घरात शिरले. माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत बारा पावलं आहेत.

राग अजून गेलेला नाही. माया त्याच्यासकट घे.
मामी